पेटीवर न छापलेलं नाव

आमच्या बचत गटाचा कॉम्प्युटर माझ्या घरी मागच्या खोलीत आहे आणि इंटरनेटचा राउटर पुढच्या सोप्यात. मधली भिंत जुनी, दगडमातीची, हातभर रुंद. तिच्यातून केबल न्यायची तर गवंडीच बोलवावा लागला असता. म्हणून बाजारातून यूएसबीला लावायचा छोटा वायफाय अ‍ॅडॅप्टर आणला. "काकू, नुसता खोचायचा, बाकी सगळं आपोआप होतं," असं दुकानदार म्हणाले होते. विंडोजवर ते खरंही असेल. आमच्या कॉम्प्युटरवर मात्र लिनक्स आहे. तिथे काय काय झालं ते मी सविस्तर लिहिते आहे, कारण अकलूजमध्ये, माळशिरस तालुक्यात, घराघरांत असे जुने कॉम्प्युटर पडून आहेत आणि पुढच्या काळात पुष्कळांना यातून जावं लागणार आहे.

आधी लिनक्स कुठून आलं ते सांगते. आमचा गट शेंगदाण्याची चटणी करतो. आषाढात तुकोबांची पालखी सराटीला नीरास्नान उरकून अकलूजला येते, गोल रिंगण होतं, त्या दिवसांत चटणीला हात पुरत नाहीत. एरवी टेंभुर्णी, माळीनगर, नातेपुते इथून मागणी येते. पुड्यांवर लावायची लेबलं, अन्नसुरक्षेची नोंदणी, बँकेचे उतारे, हप्त्यांचा हिशेब हे सगळं मोबाइलवर करता करता डोळे जातात. भावाच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर म्हणूनच आम्ही गटासाठी घेतला. त्यावर विंडोज १० होतं. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचा मोफत आधार थांबवला. नव्या विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमचा त्याहून जुना. पण यंत्र धडधाकट होतं, ते भंगारात घालायला माझं मन होईना.

भाचा पुण्याला कामाला आहे. दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, "आत्या, टाकू नको. मी यावर लिनक्स मिंट घालून देतो. फुकट आहे आणि हे यंत्र अजून पाच वर्षं चालेल." त्याच्याकडच्या जुन्या पेनड्राइव्हवर मिंटची २१वी आवृत्ती होती, २०२२ सालची. तीच घातली. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कळफलक लावून दिला. लिब्रेऑफिसमध्ये हिशेबाचा तक्ता मांडून दिला. लेबलांसाठी लोहित देवनागरी हा फॉन्ट आयताच मिळाला; रेड हॅटने तो सगळ्यांसाठी खुला केला आणि त्यांच्या पुण्यातल्या मंडळींनी वर्षानुवर्षं सांभाळला. त्याची जोडाक्षरं छापून फार स्वच्छ येतात. भाचा पुण्याला परत गेला आणि मग मी अ‍ॅडॅप्टर आणला.

लावला. उजव्या कोपऱ्यात नेटवर्कचं चिन्ह असतं तिथे काहीच बदललं नाही. पडद्यावर मात्र सीडीचं एक चित्र उमटलं. माझ्या कॉम्प्युटरला सीडीचा खण नाही, घरात सीडी नाही, आणि पडद्यावर सीडी. ती उघडली तर आत विंडोजवर चालणारी एक फाइल. तिच्यावर कितीही क्लिक केलं तरी काही होईना. मी अ‍ॅडॅप्टर काढला, सीडी गेली. परत लावला, सीडी आली. आपण वायफायचं यंत्र आणलं की दुसरंच काही, हेच मला कळेना.

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "टर्मिनल उघड आणि मी सांगतो ती अक्षरं टाइप कर." टर्मिनल म्हणजे काळी खिडकी, जिथे माउस चालत नाही, फक्त लिहून सांगायचं. त्याने एल, एस, यू, एस, बी अशी अक्षरं सांगितली. यूएसबीला काय काय जोडलं आहे त्याची यादी या आज्ञेने मिळते. कळफलक मराठीवर होता, त्यामुळे पडद्यावर 'तेहेव' असं उमटलं आणि खाली उत्तर आलं की अशी आज्ञा सापडत नाही. कळफलक इंग्रजीवर नेला तेव्हा यादी आली. तिच्यात माउस, कळफलक, प्रिंटर, आणि एका ओळीत रिअलटेक असं नाव. त्या नावाआधी दोन आकडे होते: ०बीडीए आणि १ए२बी.

हे आकडे काय ते त्या दिवशी मला पहिल्यांदा समजलं. यूएसबीच्या प्रत्येक वस्तूच्या आत तिची ओळख भरलेली असते. पहिला आकडा बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या वस्तूचा. ०बीडीए म्हणजे तैवानची रिअलटेक ही चिप बनवणारी कंपनी. पेटीवर जिचं नाव मोठ्या अक्षरांत होतं तिचा या यादीत पत्ताच नव्हता. ती कंपनी चिप बनवत नाही. बाहेरून घेतलेल्या चिपला प्लॅस्टिकचं कवच घालून आपलं नाव लावते. आणि १ए२बी हा आकडा वायफायचा नव्हताच, तो त्या खोट्या सीडीचा होता.

ही सीडी का असते, यालाही कारण आहे. पूर्वी अशा वस्तूंबरोबर खरी चकती यायची, तिच्यात ड्रायव्हर असायचा, म्हणजे त्या वस्तूला चालवणारा प्रोग्रॅम. पुढे कॉम्प्युटरांमधून सीडीचे खण गेले. तेव्हा तो ड्रायव्हर वस्तूच्याच पोटात साठवायची युक्ती निघाली. अ‍ॅडॅप्टर लावला की तो आधी सांगतो, मी सीडी आहे. विंडोज त्यातला ड्रायव्हर उचलतं, बसवतं, आणि मग त्याला खूण करतं की आता रूप बदल. तेव्हा तो वायफाय होतो. लिनक्सला त्या सीडीतल्या विंडोजच्या फाइलचा काही उपयोग नाही, पण खूण तर कुणीतरी करायलाच हवी. त्यासाठी यूएसबी मोडस्विच नावाचा एक प्रोग्रॅम आहे आणि तो मिंटमध्ये असतोही, पण आमच्या यंत्रावर त्याने आपणहून काही केलं नाही. भाचा म्हणाला, "सोपं करून बघू. सीडीच्या चित्रावर उजवं बटण दाब आणि इजेक्ट कर."

मी इजेक्ट केलं. सीडी गेली. परत यादी काढली, तर १ए२बीच्या जागी सी८११ आलं होतं. त्याच कंपनीचा, त्याच अ‍ॅडॅप्टरचा दुसरा आकडा. म्हणजे आता तो स्वतःला वायफाय म्हणवत होता. त्यावरून भाच्याने चिपचं नाव सांगितलं: ८८११सीयू. पेटीच्या सहाही बाजू मी भिंगाने वाचल्या. वेग लिहिला होता, हमी लिहिली होती, विंडोजची चिन्हं होती. हे नाव कुठेच नव्हतं.

नेटवर्कच्या चिन्हात मात्र अजूनही वायफाय दिसेना. इथे मी खरंच गोंधळले. वस्तू ओळखली गेली, नाव कळलं, आता अडतंय कुठे? भाच्याने दुसरी एक आज्ञा सांगितली, कर्नेलची आवृत्ती विचारणारी. उत्तर आलं ५.१५. "इथेच अडलंय, आत्या," तो म्हणाला.

त्याने समजावलं ते असं. कर्नेल हा लिनक्सचा गाभा. प्रोसेसर, मेमरी, कळफलक, प्रिंटर या सगळ्यांशी व्यवहार करायचं काम त्याचं. बहुतेक वस्तूंचे ड्रायव्हर त्या गाभ्यातच भरलेले असतात, म्हणून लिनक्सवर प्रिंटर लावला की बऱ्याचदा सीडी न मागता चालतो. पण एखाद्या चिपचा ड्रायव्हर गाभ्यात यायला कुणीतरी तो लिहावा लागतो, इतरांनी तपासावा लागतो, मग तो पुढच्या आवृत्तीत जातो. ५.१५ हा गाभा २०२१च्या ऑक्टोबरातला. आमच्या चिपचा यूएसबीचा ड्रायव्हर आला ६.२मध्ये, फेब्रुवारी २०२३ला. जर्मनीतल्या पेन्गुट्रोनिक्स कंपनीच्या साशा हाउअर यांनी तो घडवून आणला. आमच्या पेनड्राइव्हवरचं मिंट त्याच्या आधीचं. म्हणून गाभा नवा घ्यायला हवा होता.

नवा गाभा इंटरनेटवरून उतरवायचा, आणि इंटरनेट यावं म्हणून तर हा सगळा खटाटोप. कॉम्प्युटर सोप्यात राउटरपाशी न्यावा का, असा विचार चालला होता. भाचा म्हणाला, नको. "फोन घराच्या वायफायवर आहे ना? चार्जिंगची वायर कॉम्प्युटरला लाव आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेथरिंग चालू कर." केलं. दोन-तीन सेकंदांत कोपऱ्यातलं चिन्ह बदललं आणि इंटरनेट आलं. ना सीडी, ना ड्रायव्हर. फोन वायफायवर असल्यामुळे मोबाइलचा डेटाही खर्च झाला नाही. ही युक्ती प्रत्येकाने लिहून ठेवावी. लिनक्सच्या कर्नेलला अँड्रॉइड फोनची ही पद्धत फार आधीपासून माहीत आहे, त्यामुळे घरातला फोन हाच अडचणीतला पहिला अ‍ॅडॅप्टर.

मिंटमध्ये अपडेट मॅनेजर नावाची खिडकी आहे. तिच्यातून लिनक्स कर्नेलांची यादी उघडते. तिथे ६.८ निवडला. त्याने पासवर्ड मागितला. खिडकीत टाइप करताना ठिपके दिसतात, पण काही लिनक्सांच्या टर्मिनलमध्ये पासवर्ड टाकताना काहीच उमटत नाही, ठिपकाही नाही. नवख्या माणसाला वाटतं कळफलकच बंद पडला. तसं नसतं. निवांत टाइप करून एंटर दाबायचं. गाभा अर्धा उतरला आणि लाईट गेली. माझा जीव खालीवर झाला, की आता कॉम्प्युटर चालूच होणार नाही. लाईट आल्यावर चालू झाला, जुन्याच गाभ्यावर. नवा गाभा बसेपर्यंत जुन्याला कुणी हात लावत नाही आणि नवा बसल्यावरही जुना तसाच राहतो; नव्याने त्रास दिला तर सुरुवातीच्या यादीतून जुना निवडता येतो. उतरवणंही जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं. ज्याने कुणी ही व्यवस्था लावली त्याला लाईट जाणं म्हणजे काय ते पक्कं ठाऊक असणार.

रीस्टार्ट झाल्यावर पुन्हा सीडीचं चित्र. इजेक्ट केलं. आणि मग कोपऱ्यात वायफायच्या नावांची यादी आली. शेजाऱ्यांची, समोरच्या क्लासची, आणि आमची. पासवर्ड टाकला, जोडणी झाली. गटातल्या दोघी जणी त्या वेळी शेंगदाणे निवडत बसल्या होत्या, त्या उठून बघायला आल्या. मला झालेला आनंद मोठा होता आणि तो मी लपवला नाही.

उरलेल्या गोष्टी लहान होत्या. दर वेळी इजेक्ट करावं लागू नये म्हणून भाच्याने एका ओळीची फाइल लिहून पाठवली: १ए२बी दिसलं की मोडस्विचला हाक मार, असा तो नियम. ती कुठे ठेवायची तेही सांगितलं, आणि तेव्हापासून सीडी दिसली नाही. मधूनमधून जोडणी तुटायची, ती वायफायची वीजबचत बंद केल्यावर थांबली. तीही एका फाइलीतली एक ओळ. ३च्या जागी २ लिहायचं. पेटीवर ज्या मोठ्या वेगाची जाहिरात होती तो ५ गिगाहर्ट्झवरचा. आमची भिंत त्या लहरींना दाद देत नाही. २.४ गिगाहर्ट्झ कमी वेगाचं, पण भिंतीतून जास्त पार होतं, म्हणून तेच ठेवलं. अ‍ॅडॅप्टर आधी कॉम्प्युटरच्या पाठीमागे, लोखंडी डब्याच्या आडोशाला होता. यूएसबीची लांब वायर घेऊन तो फडताळावर ठेवला आणि सिग्नलच्या रेघा वाढल्या. हा उपाय सगळ्यात स्वस्त आणि तो आधी करून बघावा.

या सगळ्यात मला एक प्रश्न राहून राहून पडत होता. वस्तू विकणाऱ्याने तिचा लिनक्सचा ड्रायव्हर का दिला नाही, आणि दिला नसेल तर परक्या देशातल्या माणसाने तो का लिहिला? भाच्याने मला दोन माणसांविषयी सांगितलं आणि त्यानंतर मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचलं.

पहिले रिचर्ड स्टॉलमन. १९८०च्या सुमारास ते अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत होते. तिथल्या जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये त्यांनी सोय केली होती, की कागद अडकला तर वाट बघणाऱ्यांना निरोप जावा. झेरॉक्सचा नवा लेसर प्रिंटर आला, तो वेगवान होता, पण त्याचा मूळ प्रोग्रॅम कुणी देईना, त्यामुळे ती सोय करता येईना. हा प्रसंग त्यांच्या मनात राहिला. सप्टेंबर १९८३मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला: प्रोग्रॅम असा हवा, की जो वापरतो त्याला तो वाचता यावा, दुरुस्त करता यावा, दुसऱ्याला देता यावा. १९९१मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने कर्नेल लिहायला घेतला आणि दोन्ही मिळून आज आपण ज्याला लिनक्स म्हणतो ते उभं राहिलं. याच्या मुळाशीही एका वस्तूचा न मिळालेला प्रोग्रॅम आहे, हे वाचून मला माझ्या अ‍ॅडॅप्टरची अडचण क्षुल्लक वाटेनाशी झाली.

दुसरे लॅरी फिंगर. २००५पासून त्यांनी लिनक्सच्या वायफाय ड्रायव्हरांवर काम केलं, आधी ब्रॉडकॉमच्या चिपांच्या, मग मुख्यतः रिअलटेकच्या. कर्नेलमध्ये त्यांच्या दीड हजारांहून जास्त दुरुस्त्या आहेत. कुणाचा स्वस्तातला अ‍ॅडॅप्टर चालत नसेल तर ते वर्षानुवर्षं त्याला उत्तर देत राहिले. जून २०२४मध्ये ते गेले. कोणत्या गावात, कोणत्या खोलीत आपलं काम पोचेल हे त्यांना कधी कळणार नव्हतं. अशा माणसांच्या श्रमांवर आमची लेबलं छापली जातात आणि ही गोष्ट मला गटातल्या बायांना सांगावीशी वाटली. मी सांगितली.

आता माझं म्हणणं. ड्रायव्हर लिहिणारे त्यांचं काम करतात. अडतं ते दुकानाच्या काउंटरवर. आमच्या इथल्या साखर कारखान्यातून निघणारं पोतं घ्या. त्याच्यावर कारखान्याचं नाव असतं, हंगाम असतो, दाण्याची प्रत असते, एस की एम. व्यापारी कुणीही असो, पोतं वाचलं की आत काय ते कळतं. अ‍ॅडॅप्टरच्या पेटीवर कवच घालणाऱ्याचं नाव असतं आणि आतला माल कुणाचा ते नसतं. त्याहून वाईट म्हणजे एकाच नावाच्या, एकाच मॉडेलच्या पेटीत पुढेमागे वेगळी चिप घातली जाते. कधी बारीक अक्षरांत 'आवृत्ती २' लिहितात, तेवढाच फरक. शेजारणीचा चालतो म्हणून तोच घेतला तरी आपला चालेल याची खात्री नाही. लिनक्स वापरणाऱ्याला कंपनी, वेग, अँटेना या कशापेक्षाही चिपचं नाव महत्त्वाचं असतं आणि नेमकं तेच मिळत नाही.

काही नावं सांगून ठेवते. मीडियाटेकच्या एमटी७६१०यू आणि एमटी७६१२यू या चिपांचे ड्रायव्हर २०१८च्या ४.१९ कर्नेलपासून लिनक्सच्या गाभ्यात आहेत. एमटी७६०१यू त्याहून आधीपासून, २०१५पासून. ती साधी, फक्त २.४ गिगाहर्ट्झची, पण जाड भिंतीच्या घराला पुरते. अ‍ॅथेरॉसची एआर९२७१ जुनी आणि भरवशाची, तिच्या आत चालणारा प्रोग्रॅमसुद्धा खुला आहे. रिअलटेकच्या ८८११एयू आणि ८८१२एयू या बाजारात खूप दिसतात, त्यांचे ड्रायव्हर गाभ्यात २०२५मध्ये आले. कर्नेल त्याच्या आधीचा असेल तर त्या आपोआप चालतील असं समजू नये. आमच्यासारखी ८८११सीयू असेल तर ६.२ किंवा त्यापुढचा गाभा हवा.

दुकानात गेलात तर आधी विचारा: यात चिप कोणती? दुकानदारांना माहीत नसेल तर त्यांनी घाऊक व्यापाऱ्याला विचारावं, त्याने कंपनीला. मी आमच्या दुकानदारांना ८८११सीयू हे नाव आणि ६.२ हा आकडा कागदावर लिहून दिला आहे. त्यांनी तो त्या अ‍ॅडॅप्टरांच्या खोक्यावर चिकटवलाय. बाकीच्या कंपन्यांच्या मालावरही असा एकेक कागद लागावा, एवढी विनंती मी त्यांना केली आहे आणि तीच इथे सगळ्यांना करते.